एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) प्रीमियरशिपच्या, म्हणजे विजेतेपदाच्या, शर्यतीत यायला टीमला नेमकं काय लागतं?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मेलबर्नला आल्यावर ऑफिसातल्या लोकांमुळे फुटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, वेड लागलं, एक टीम धरली, आणि ती टीम दरवर्षी आठव्या-दहाव्या नंबरच्या आसपास अडकते. दर ऑक्टोबरला एखादा मोठा प्लेअर आणतात, पेपरात फोटो येतात, मार्चमध्ये सगळे म्हणतात यंदा आपलंच, आणि ऑगस्टपर्यंत खेळ खल्लास. मग कमी काय पडतं? अजून एक स्टार आणला की होईल का?

मी मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरात लोकल क्लबात बरीच वर्षं बॅकलाइनचं कोचिंग करतोय, मॅचचे व्हिडिओ कापून पोरांना दाखवणं हे पण माझ्याचकडे असतं. एएफएलची लेव्हल अर्थातच खूप वरची, पण खेळ तोच आहे आणि जिंकण्या-हरण्याची कारणं पण बरीचशी तीच आहेत. तर माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, बॉल आपल्या हातून गेल्यावर पुढच्या चार-पाच सेकंदात मैदानावरचे अठराच्या अठरा जण काय करतात, त्यावरून टीम फ्लॅगच्या (प्रीमियरशिपला इथे फ्लॅग म्हणतात) लायकीची आहे की नाही हे ठरतं. स्टार, ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवीन पोरं निवडायची पद्धत), कोच, पैसा सगळं लागतं, पण ते सगळं शेवटी असे अठरा जण एकत्र उभे करण्यासाठी लागतं.

का ते सांगतो. या खेळात ऑफसाइड नाही, मैदान अवाढव्य, बॉल दर काही सेकंदाला या टीमकडून त्या टीमकडे जातो. टीव्हीवर सगळं कौतुक मैदानाच्या मधोमध खेळ सुरू होतो त्या क्षणाचं, रकने (बॉलसाठी उडणारा उंच प्लेअर) टॅप केला, मिडफिल्डरने गर्दीतून बॉल काढला, ते दिसायला भारीच असतं. पण आजच्या एएफएलमध्ये निम्म्याहून जास्त स्कोअर स्टॉपेजमधून (खेळ थांबून अंपायर बॉल परत टाकतो तिथून) येत नाही, तो टर्नओव्हरमधून येतो, म्हणजे समोरच्याने बॉल घालवला आणि आपण तिथून गोलपर्यंत गेलो. समोरची टीम अटॅकसाठी पसरलेली असते, तिचे डिफेंडर वर आलेले असतात, मागे मोकळं रान. म्हणून तुम्ही बॉल घालवलात तर तुमचं रान किती मोकळं राहतं, आणि त्यांनी घालवला तर तुम्ही किती पटकन त्यात घुसता, हाच खरा सामना.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. आपली टीम अटॅक करतेय, हाफ-फॉरवर्डने गोलपासून ५० मीटरवरच्या आर्कबाहेरून गोलसमोर उंच बॉल टाकला. तिथे आपला उंच फॉरवर्ड आणि त्यांचे दोन डिफेंडर उडाले, डिफेंडरने मुठीने मारून उधळला (स्पॉइल), बॉल खाली पडला. इथे चांगल्या आणि साधारण टीममधला फरक उघडा पडतो. साधारण टीममध्ये तिघेही फॉरवर्ड उडायला गेलेले असतात, खाली कोणी नसतो, डिफेंडर बॉल उचलतो, मधल्या कॉरिडॉरमध्ये हँडबॉल (मुठीने मारून पास) करतो आणि तीन किकमध्ये दुसऱ्या टोकाला गोल. चांगल्या टीममध्ये एकच उडतो, एक छोटा फॉरवर्ड पॅकच्या (उडणाऱ्या घोळक्याच्या) बरोबर समोर, दोन पावलं अंतर ठेवून उभा असतो, फ्रंट अँड स्क्वेअर म्हणतात त्याला, दुसरा गोलच्या बाजूला. बॉल नाही मिळाला तरी ते टॅकल करतात, निदान डिफेंडरला घाईत किक मारायला लावतात. त्याच वेळी आपले मिडफिल्डर कॉरिडॉर बंद करून उभे असतात म्हणजे किक बाउंड्रीकडेच जाणार, आणि आपली बॅकलाइन आधीच सेंटर स्क्वेअरपर्यंत वर सरकलेली असते, घाईतली ती किक तिथला कोणीतरी इंटरसेप्ट मार्क करतो (हवेतच झेलतो) आणि बॉल परत आत. समोरची टीम दहा-दहा मिनिटं स्वतःच्या हाफमधून बाहेरच पडू शकत नाही आणि मग त्यांचे पाय जातात.

हे टीव्हीवर दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. एमसीजीवर गेलात तर गोलच्या मागे वरच्या मजल्यावर बसा आणि एक क्वार्टरभर बॉलकडे बघूच नका, फक्त सहा डिफेंडर बघा. आपला बॉल पुढे गेला की ते वर येतात का, एकमेकांना हात करून जागा बदलतात का, एकजण मार्क करायला बाहेर पडला की त्याच्या माणसाला दुसरा घेतो का. मला एखाद्या टीमबद्दल कोणी विचारलं की मी आधी हे बघतो, लॅडर (गुणतक्ता) नंतर.

याचं सगळ्यात चोख उदाहरण रिचमंड २०१७. २०१६ ला ते तेराव्या नंबरवर होते, कोच डेमियन हार्डविकला काढा म्हणून ओरडा चालू होता. त्या ऑफ-सीझनला त्यांनी डिऑन प्रेस्टिया, जॉश कॅडी, टोबी नॅनकर्व्हिस असे तीन कामाचे प्लेअर आणले, तिघांपैकी एकाच्याही नावावर कोणी फ्लॅगची पैज लावली नसती. फॉरवर्ड लाइनमध्ये उंच म्हणावा असा जॅक रिवोल्ट एकटा, बाकी डॅन बटलर, जेसन कास्टान्या, डॅनियल रिओली असे छोटे, चपळ, सतत पळणारे. त्यांचं मुख्य काम गोल मारणं नव्हतंच, बॉल बाहेर जाऊ न देणं हे होतं. मागे अ‍ॅलेक्स रान्स. ग्रँड फायनलला समोर अ‍ॅडलेड, त्या सीझनला लॅडरवर पहिले आणि सगळ्यात जास्त स्कोअर करणारे, आणि त्यांना ६० वर रोखून रिचमंड ४८ पॉईंटने जिंकले. आता डस्टिन मार्टिन होता म्हणून जिंकले असं कोणी म्हणेल, आणि मार्टिन होताच, त्या वर्षीचा ब्राउनलो (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) पण त्याचा आणि नॉर्म स्मिथ (ग्रँड फायनलचा सर्वोत्तम प्लेअर) पण त्याचाच. पण मार्टिन २०१६ ला पण होता की, आणि टीम तेरावी आली होती.

आता स्टार आणायच्या प्रश्नावर येतो. आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात आयपीएलचं ऑक्शन असतं, इथे तसं नाही. अठरा क्लब, सगळ्यांना सारखी सॅलरी कॅप (एकूण पगाराची मर्यादा), नवीन पोरं ड्राफ्टमधून आणि तिथे खालून आलेल्या क्लबला आधी नंबर. म्हणजे एका स्टारला दरवर्षी मोठी रक्कम कबूल केली की ती कुणाच्या तरी खिशातून जाते, बहुतेक वेळा आठव्या ते पंधराव्या नंबरच्या प्लेअरच्या. ते चिडून किंवा नाइलाजाने दुसरीकडे जातात, आणि मी वर जे फ्रंट अँड स्क्वेअर, कॉरिडॉर बंद वगैरे सांगितलं ते करणारे हेच लोक असतात. स्टार मिळाला आणि पाया उखडला.

आणि हाय ड्राफ्ट पिक मिळाले की सगळं आपोआप होतं हे पण खोटं आहे. गोल्ड कोस्ट बघा, २०११ ला सुरू झाले, लीगने पहिल्याच वर्षांत भरपूर पिक दिले, पोरं खरंच टॅलेंटेड होती. प्रेस्टिया तिथलाच, टॉम लिंच तिथलाच, स्टीव्हन मे तिथलाच, कॅलम आ ची तिथलाच. प्रेस्टिया आणि लिंचला प्रीमियरशिप मेडल मिळालं रिचमंडमध्ये, स्टीव्हन मे याला मेलबर्नमध्ये, आ चीला ब्रिस्बेनमध्ये, तिथे तर त्याने २०२४ च्या ग्रँड फायनलला ४ गोल मारले. टॅलेंट तेच होतं, ते धरून ठेवायला आणि घडवायला घर नव्हतं, फॅसिलिटी नीट नाहीत, आजूबाजूला मोठे प्लेअर नाहीत, दर आठवड्याला मार खायचा, कुठला वीस-बावीस वर्षांचा पोरगा थांबेल? गोल्ड कोस्टला पहिली फायनल सिरीज (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) बघायला २०२५ उजाडलं, तीसुद्धा हार्डविकच तिथे कोच म्हणून गेल्यावर.

याच्या उलट ब्रिस्बेन लायन्स, आणि इथे मी जरा थांबणार कारण सध्याच्या काळात फ्लॅगसाठी टीम कशी बांधायची हे शिकायचं असेल तर याहून चांगली केस नाही. २०१६ ला ते सतराव्या नंबरवर, ३ मॅच जिंकलेले, चांगले पोरगे क्लब सोडून घरी परतत होते. ख्रिस फेगनला कोच म्हणून आणलं, जो स्वतः व्हीएफएल-एएफएलची (व्हीएफएल हे लीगचं जुनं नाव) एकही मॅच खेळलेला नाही, हॉथॉर्नच्या फुटबॉल डिपार्टमेंटमध्ये वरच्या जागेवर होता. २०१७ ला शेवटचा नंबर, ५ विजय. २०१८ ला परत ५ विजय. मेलबर्नच्या एखाद्या मोठ्या क्लबात दोन वर्षांत दहा विजय म्हटल्यावर कोचचं काय झालं असतं सांगा. इथे बोर्ड हललं नाही. कारण आतून बघणाऱ्याला दिसत होतं की पोरं थांबायला लागलीत. ह्यू मॅक्लगेज, जॅरड बेरी, कॅम रेनर, झॅक बेली, ब्रँडन स्टार्सेविच ही सगळी २०१६-१७ च्या ड्राफ्टची पोरं, हॅरिस अँड्र्यूज त्याआधी त्यांच्या अकॅडमीतून आलेला. ल्यूक हॉज, चार प्रीमियरशिप जिंकलेला माणूस, करिअरच्या शेवटाला दोन सीझनसाठी आणला, तो मैदानावर मागे उभा राहून या पोरांना तू वर सर, तू इकडे ये असं ओरडून शिकवायचा. माझ्या मते ती त्या क्लबच्या सगळ्यात शहाण्या खरेदींपैकी एक होती, आणि स्टॅट्समध्ये ती कुठेच दिसत नाही.

मग लॅकी नील आला, २०१८ च्या शेवटी फ्रीमँटलहून. हा मोठा स्टार, दोन ब्राउनलो जिंकला पुढे, २०२० आणि २०२३. पण वेळ बघा, आधी पाया घातला, पोरं दोन वर्षं मार खाऊन तयार झाली, मग स्टार आणला. २०१९ ला टीम एकदम दुसऱ्या नंबरवर. स्टार आणायचा की नाही यापेक्षा कधी आणायचा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो आणि बहुतेक क्लब इथेच चुकतात, नवव्या नंबरवर असताना घाईत आणतात, तो चौथ्या वर्षी म्हातारा होतो तेव्हा टीम अजून नवव्याच नंबरवर असते.

तरीही लगेच फ्लॅग मिळाला नाही. २०१९ ला दोन्ही फायनल (बाद फेरीच्या मॅच) हरले, २०२० ला प्रिलिमिनरी (ग्रँड फायनलच्या आधीची मॅच) हरले, २०२१ ला परत दोन्ही, २०२२ ला प्रिलिमिनरीत जिलाँगने ७१ पॉईंटने धुतलं, आणि २०२३ ला ग्रँड फायनल कॉलिंगवूडकडून फक्त ४ पॉईंटने गेली, ९०-८६. त्या मॅचला ब्रिस्बेनचे गोल १३ आणि कॉलिंगवूडचे १२, म्हणजे गोल जास्त मारूनही हरले, कारण गोलचे ६ आणि बिहाइंडचा (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेल्या बॉलचा) १, आणि कॉलिंगवूडने १८ बिहाइंड मारले होते. अठरा बिहाइंड म्हणजे नुसती नेमबाजी वाईट असं नाही, म्हणजे बॉल तेवढ्या वेळा पुढे होता, तिथे प्रेशर होतं.

इतकं झाल्यावर लोक म्हणायला लागले की ही टीम चोकर आहे, कोच बदला, लिस्ट (प्लेअरांचा ताफा) फोडा. २०२४ ची सुरुवात सलग तीन पराभवांनी झाली, कीडियन कोलमनसकट एकामागोमाग प्लेअर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेले. आणि तरी तीच टीम पाचव्या नंबरवरून आली, सेमीत जीडब्ल्यूएसविरुद्ध (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) ४४ पॉईंटने मागे होती तिथून जिंकली, प्रिलिमिनरीत जिलाँगला हरवलं, आणि ग्रँड फायनलला सिडनीला १२०-६०. २०२५ ला परत ग्रँड फायनल, जिलाँगविरुद्ध हाफटाइमला स्कोअर बरोबरीत, नील पोटरीच्या दुखापतीतून येऊन सब म्हणून बेंचवर, दुसऱ्या हाफला आत आला, आणि टीम ४७ ने जिंकली.

आणि ही टीम बॉल गेल्यावर काय करते तर फार काही चमकदार नाही, फक्त सगळे करतात. डेन झोर्को, आधी कॅप्टन होता, फॉरवर्ड आणि मिडफिल्डमध्ये खेळलेला, पस्तिशीत हाफ-बॅकला गेला आणि २०२४ ला ऑल-ऑस्ट्रेलियन (सीझनच्या सर्वोत्तम टीममध्ये) झाला. एक्स-कॅप्टन स्वतःची आवडती जागा सोडून मागे जातो म्हटल्यावर विशीतला पोरगा मी पळणार नाही कसं म्हणेल. बॉल मिळाला की उगाच लांब न मारता छोट्या किक आणि मार्क, म्हणजे बॉल जाणारच असेल तर आपली माणसं जागेवर असतानाच जावा. अटॅक करतानाच डिफेन्सची तयारी चालू असते.

नशिबाचा भाग पण आहे, तो लपवायचं कारण नाही. विल आणि लेव्हाय अ‍ॅशक्रॉफ्ट ही भावंडं फादर-सन नियमाने आली, वडिलांनी क्लबसाठी १०० मॅच खेळल्या असतील तर मुलाला घ्यायचा पहिला हक्क क्लबचा असतो. विलने २०२४ आणि २०२५ दोन्ही ग्रँड फायनलचं नॉर्म स्मिथ घेतलं. कॉलिंगवूडकडे तसेच डेकोस भाऊ. ज्या क्लबच्या नशिबात असे मुलगे नाहीत त्यांना ट्रेडमध्ये जास्त हुशारी दाखवावी लागते, हे अन्यायकारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण नियम तोच आहे तोवर त्यातूनच वाट काढायची.

आता फक्त डिफेन्सने पण भागत नाही, हे मेलबर्नकडे बघून कळतं. २०२१ ला ग्रँड फायनलमध्ये तिसऱ्या क्वार्टरला १९ ने मागे पडून ७४ ने जिंकले, स्टीव्हन मे आणि जेक लेव्हर मागे भिंतीसारखे, रकला गॉन, मिडफिल्डला ऑलिव्हर आणि पेट्राका. तीच टीम २०२३ च्या क्वालिफायिंग फायनलला कॉलिंगवूडविरुद्ध ६९ वेळा ५० च्या आत गेली, कॉलिंगवूड फक्त ३७ वेळा, आणि मेलबर्न ७ पॉईंटने हरलं. ७ गोल ११ बिहाइंड. म्हणजे बॉल परत मिळवायचं मशीन उत्तम, पण मिळाल्यावर आत टाकायचा कसा हे ठरलेलं नाही, उंच उडवला आणि समोरच्याच्या डिफेंडरने मार्क घेतला. पुढचा आठवडा कार्लटनकडून २ पॉईंटने हरून सीझन संपला. त्यामुळे आपल्या टीमचे इनसाइड-५० किती हे बघून खूश होऊ नका, त्यातले किती मार्क झाले आणि मार्क नाही झाला तर बॉल किती वेळ तिथेच राहिला ते बघा.

हे सगळं अंगात मुरायला वेळ का लागतो ते आमच्या लेव्हलवरून सांगतो. मंगळवार-गुरुवारच्या प्रॅक्टिसला आम्ही एक साधा ड्रिल घेतो, अर्ध्या मैदानात अटॅक चालू असताना कोच शिट्टी मारतो, बॉल ज्याच्या हातात असेल त्याने तो जागेवर सोडायचा आणि समोरच्या टीमने उचलायचा. जवळच्या तिघांनी अंगावर जायचं, बाकीच्यांनी वळून आपल्या गोलकडे पळत कॉरिडॉर भरायचा. पहिल्या आठवड्यात निम्मे लोक शिट्टीनंतर कमरेवर हात ठेवून उभे राहतात. जुलैमध्ये, चिखलात, थंडीत, दिवसभर काम करून आलेली माणसं शिट्टी वाजायच्या आधीच वळलेली असतात, कारण बॉल जाणार हे त्यांना शेजारच्याच्या शरीरावरून कळतं. आमचा एक हाफ-फॉरवर्ड होता, पेशाने प्लंबर, अख्ख्या मॅचमध्ये त्याला बॉल जेमतेम चार-पाचदा मिळायचा. मी त्याच्या फक्त मागे वळून पळालेल्या धावा कापून व्हिडिओ केला आणि सगळ्यांसमोर लावला, खोली एकदम शांत झाली, त्यानंतर त्याला टीममधून काढायची भाषा कोणी केली नाही. शेजारच्यावरचा हा भरवसा दर वर्षी आठ प्लेअर बदलून येत नाही. म्हणून फ्लॅग जिंकणाऱ्या टीममध्ये सहसा बरेच जण पंचविशीच्या पुढचे आणि एकमेकांबरोबर तीन-चार सीझन काढलेले असतात. २०१६ चे वेस्टर्न बुलडॉग्ज त्यामानाने कोवळे होते आणि सातव्या नंबरवरून येऊन १९५४ नंतरचा पहिला फ्लॅग घेऊन गेले, पण तो अपवाद आहे, त्याच्यावर प्लॅन करू नये.

प्लॅन टॉप फोरचाच हवा. वरच्या चौघांना पहिली फायनल हरली तरी दुसरा चान्स असतो, बाकीच्यांना नाही. २००० पासून बघितलं तर चौथ्याच्या खालून येऊन जिंकलेल्या टीम दोनच, बुलडॉग्ज २०१६ आणि ब्रिस्बेन २०२४. २०२५ ला ब्रिस्बेन पहिली फायनल हरले होते, तिसरे आले होते म्हणून वाचले. आणि मेलबर्नबाहेरच्या क्लबने एमसीजीवर जिंकायची सवय सीझनमध्येच लावून घ्यायला हवी, तिथलं मैदान रुंद आहे, छोट्या मैदानावर बसवलेला डिफेन्स तिथे ताणला जाऊन फाटतो.

तर तुमच्या टीमसाठी. ट्रेडच्या बातम्या ऐकू नका, पहिल्या सहा-सात मॅचमध्ये हे बघा: टीम हरत असताना चौथ्या क्वार्टरला छोटे फॉरवर्ड टॅकल करतायत का, बॉल गेल्यावर मिडफिल्डर मागे वळून पळतायत की समोरच्याकडे बघत चालतायत, विशी-बाविशीतल्या पोरांनी नवीन कॉन्ट्रॅक्ट साइन केलीत की मॅनेजरकडून घरी परत जायच्या बातम्या येतायत, आणि सलग तीन मॅच हरल्यावर प्रेसिडेंट कोचबद्दल काय बोलतो. यातल्या तीन गोष्टी ठीक असतील तर नववा नंबर आला तरी मेंबरशिप रिन्यू करा, टीम वर यायच्या मार्गावर आहे. एकच ठीक असेल तर या ऑक्टोबरला कितीही मोठं नाव आणलं तरी पुढच्या ऑगस्टला तुम्ही मला हाच प्रश्न विचारणार आहात.